एका ढेपेचे तीन निकाल

नागरत्नाक्कांनी पिशवीतून मेणाची ढेप काढली आणि माझ्या टेबलावर अशी आपटली, की पीण्या औद्योगिक वसाहतीतले निम्मे लेथ क्षणभर बंद पडले असावेत. माझा चहा तर कीबोर्डवर गेलाच.

“वास घ्या,” अक्का म्हणाल्या.

“अक्का, मला वासाचा रिपोर्ट देता येत नाही.”

“मग कसला देता येतो? खोट्याचा?”

त्यांच्या दुसऱ्या हातात आमच्याच लॅबचा ड्राफ्ट रिपोर्ट होता. त्यांच्या मधमाशीच्या मेणात पॅराफिनची भेसळ दिसते, असं त्यात लिहिलेलं. खाली सहीची जागा रिकामी. ती सही माझी व्हायची होती.

अक्का शिरसीकडच्या. गावातल्या बायकांचा एक संघ त्या चालवतात. पोळ्यांचं मेण गोळा करायचं, वितळवायचं, फडक्यातून गाळायचं आणि ओठांना लावायचं बाम बनवणाऱ्या एका कंपनीला विकायचं. घेणारी तीच एक कंपनी. या वेळच्या मालावर तिला संशय आला आणि तिनं सँपल आमच्याकडे धाडलं. रिपोर्टवर माझी सही झाली की संघाचं नाव सप्लायरांतून कायमचं कापणार, हे कंपनीच्या क्यू.सी. मॅनेजरनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. अक्कांनाही सांगितलं होतं. म्हणून त्या पुरावा बगलेत मारून बसनं थेट बेंगळूरला आल्या होत्या.

आता माझ्याबद्दल. मी आर.एफ. इंजिनियर. म्हणजे सोप्या भाषेत, जे दिसत नाही, ऐकू येत नाही आणि हाताला लागत नाही, ते मोजून पगार घेणारी बाई. राहायला चामराजपेट. आमचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले, असं घरी सांगतात. मी मेट्रोनं पीण्याला येते. सकाळची गर्दी बघता घोडा विकायला नको होता.

आमचा सेन्सर म्हणजे हिरव्या बोर्डावर छापलेली तांब्याची एक कडी. नाण्याएवढी, एका जागी फट असलेली. तिला रेझोनेटर म्हणतात. स्टीलच्या पेल्यावर चमचा मारला की त्याचा ठरलेला सूर निघतो ना, तसा या कडीचाही एक ठरलेला सूर असतो. फक्त तो मायक्रोवेव्हचा, आपल्या वायफायच्या आसपासचा, त्यामुळे कानाला कळत नाही. पेल्यात पाणी ओतलं की सूर खाली उतरतो. कडीवर मेणाची चकती ठेवली की तिचाही उतरतो. किती उतरला त्यावरून त्या मेणाचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट काढायचा. म्हणजे विजेचं क्षेत्र तो पदार्थ स्वतःत किती मुरवून घेतो, त्याचा आकडा. हवेचा एक. पॅराफिनचा दोनच्या थोडा वर. मधमाशीच्या मेणाचा त्याहून किंचित वर.

किंचित म्हणजे किती? मुंगीची मिशी घ्या. ती उभी चिरा. त्यातली अर्धी. त्या अर्ध्या मिशीवर शिरसीच्या बायकांचा संघ लटकलेला.

हे सगळं दिसतं व्ही.एन.ए. नावाच्या मशीनवर. ते कडीत लहरी सोडतं, पलीकडे किती पोचल्या ते मोजतं आणि स्क्रीनवर एक रेघ काढतं. रेघेत जिथे खड्डा, तिथे कडीचा सूर. मेण ठेवलं की खड्डा डावीकडे सरकतो. बेंगळूरमध्ये खड्डे सगळेच बघतात, पण त्याचा पगार मिळणारी मी एकटीच.

“मॅडम, सही करून टाका,” शेषाद्रीसर दारातून म्हणाले. सर आमचे लॅब हेड. माणूस वाईट नाही. पण आकडा एकदा एक्सेलमध्ये बसला की तो त्यांना देवघरात बसल्यासारखा वाटतो. “डेटा इज डेटा.”

“सर, एकच चकती मोजलीय.”

“एका चकतीचा डेटा हाही डेटाच.”

“आणि सहीआधी ड्राफ्ट क्लायंटला कुणी मेल केला?”

“ट्रान्सपरन्सी!” असं म्हणून सर ट्रान्सपरंट झाले. म्हणजे दिसेनासे.

अक्कांनी खुर्ची ओढली, चपला काढल्या, मांडी घातली. “माझ्यासमोर मोजा. मोजल्याशिवाय मी उठत नाही. डबा आणलाय.”

डबा एवढा होता की अक्का उन्हाळ्यापर्यंत आरामात बसल्या असत्या.

मी इम्रानला हाक मारली. इम्रान आमचा टेक्निशियन. मेण वितळवून चकत्या ओतायचं काम त्याचं, आतल्या खोलीत. माझ्याच वयाचा, आणि तोंडाळपणात माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढे. अक्कांनी स्वतः ढेपेचा तुकडा तोडून दिला. त्यानं तो वितळवला, ओतला, गार केला आणि तीन चकत्या आणून ठेवल्या. एकाच तुकड्याच्या तीन चकत्या. अगदी सख्ख्या बहिणी.

पहिली ठेवली. भेसळ.

दुसरी ठेवली. शुद्ध. इतकं शुद्ध की मशीन हात जोडेल.

तिसरी ठेवली. मशीनच्या मते तिच्यात निम्मं पॅराफिन होतं.

मग अक्का हसल्या. “आमचा धाकटा दीर असाच आहे, मॅडम. शेत कुणाचं म्हणून विचारा. सकाळी म्हणतो माझं, दुपारी म्हणतो अण्णाचं, संध्याकाळी म्हणतो बँकेचं. पण त्याला कुणी सही करायला बसवत नाही.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दिरावर नाही, मशीनवर. मी केबल बदलली. मायक्रोवेव्हची केबल सुनेपेक्षा नाजूक, जरा वाकवली की आकडे रुसतात. फरक नाही. कनेक्टर सोडून पुन्हा आवळले. फरक नाही. मेण आतून कोमट असेल तर कडीही तापते आणि सूर घसरतो, म्हणून चकत्या एसीसमोर ठेवून पार हिमालयातल्या करून टाकल्या. फरक नाही. सगळ्यांचे मोबाइल बंद केले. शेजारच्या प्लॉटवर बोअरवेल खणत होते, त्या माणसाला जाऊन विनवलं, “अण्णा, स्वल्प थांबता का?” तो म्हणाला, पाणी लागलं की थांबतो. म्हणजे पुढच्या जन्मी. मशीनचं कॅलिब्रेशन पुन्हा केलं, म्हणजे ओळखीच्या, आकडा माहीत असलेल्या गोष्टी ठेवून त्याच्या कानाला पीळ दिला. ओळखीच्या गोष्टी त्यानं चोख ओळखल्या. अक्कांचं मेण आलं की पुन्हा तीन तोंडं.

तेवढ्यात सर आले. “एवढं काय? ॲव्हरेज काढा.”

“सर, एका घड्याळात दहा वाजलेत, दुसऱ्यात चार. ॲव्हरेज काढून सातची बस पकडू?”

“क्लायंटला आज रिपोर्ट हवाय, मॅडम. ॲव्हरेज काय येतंय?”

“भेसळ.”

“सरी, ठीक. मग झालं.”

“झालं कसं?” अक्का उभ्या राहिल्या. त्यांनी ढेपेचा एक कोपरा नखानं खरवडला आणि थेट सरांपुढे धरला. “चावा.”

“काय?”

“चावा. पॅराफिन असलं तर दाताखाली भुगा होतो. चोख मेण चिवट होतं, च्युइंगमसारखं. आमच्याकडे असंच बघतात.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. सरांनी चावलं, आणि मेण इतकं चोख निघालं की सरांच्या दाढेवरची कॅप त्यात अडकून बाहेर आली. इम्रान आजही शपथेवर सांगतो की फक्त हलली होती. मी सांगते, आली होती.

“झालं समाधान?” अक्का म्हणाल्या.

“मॅम, आयएसओ दातांवर चालत नाही,” सर गालावर हात ठेवून म्हणाले आणि गेले.

खरं सांगायचं तर सरांचं इथे चुकलं नव्हतं. दात निम्मी भेसळ पकडेल, थोडी नाही पकडणार. आणि कंपनीला हवा होता आकडा. चिवटपणावर मी सही केली असती तर क्यू.सी. मॅनेजरनं मलाच चावलं असतं. त्यामुळे मी पुन्हा त्या तीन चकत्यांपुढे येऊन बसले.

पहिली उचलली, पुन्हा ठेवली. भेसळ. पुन्हा. भेसळ. दुसरी कितीही वेळा ठेवली तरी शुद्ध. तिसरी कितीही वेळा ठेवली तरी निम्मं पॅराफिन. मशीन गोंधळलेलं असतं तर प्रत्येक वेळी वेगळं बोललं असतं. ते प्रत्येक चकतीबद्दल आपल्या शब्दाला धरून होतं. म्हणजे मशीन ठीक होतं, आणि एकाच तुकड्यातून निघूनही चकत्याच एकमेकींपेक्षा वेगळ्या होत्या.

मी वैतागून तिसऱ्या चकतीवर टेफ्लॉनचा एक ठोकळा ठेवला आणि वरून दाबला. खड्डा डावीकडे सरकला. सोडला, तो परत उजवीकडे गेला. दाबला, डावीकडे. सोडला, उजवीकडे.

“हे काय, मॅडम? लिफ्ट चालवताय?” इम्रान म्हणाला.

“चकती कडीला टेकत नाहीये.”

“टेकत नाही म्हणजे? ठेवलीय की.”

“ठेवलीय, पण टेकत नाहीये. मध्ये हवा आहे.”

कडीचा सूर उतरतो तो तिला चिकटून जे असेल त्यानं. केसाएवढी हवा मध्ये राहिली तरी कडीला मेण कमी आणि हवा जास्त जाणवते. हवेचा आकडा एक. त्यामुळे एकूण आकडा खाली येतो, आणि खाली आलेला आकडा म्हणजे आमच्या हिशेबात पॅराफिन. मशीननं खोटं काही सांगितलं नव्हतं. मेणात काहीतरी मिसळलंय म्हणालं, ते बरोबरच होतं. फक्त ते मेणात नव्हतं, मेणाखाली होतं.

मी चकती उलटी करून खिडकीशी नेली आणि उन्हात तिरपी धरली. खालच्या बाजूला बारीक बारीक पुटकुळ्या. ओळीनं. ओळीनं आणि वळणदार. मेणाला इतक्या सुंदर पुटकुळ्या येत नाहीत.

“अक्षरं आहेत,” अक्का खांद्यावरून वाकून म्हणाल्या. “कन्नड. पण उलटी.”

मी पर्समधला पावडरचा आरसा काढला. अक्कांनी त्यात बघून पहिलीतल्या मुलीसारखं एकेक अक्षर लावून वाचलं. “स... रो... जम्मा. हासन. कोण ही हासनची सरोजम्मा? आमच्या मेणात काय करतेय?”

इम्राननं छताकडे बघितलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

“इम्रान?”

“मॅडम, मी बोललो असं सांगू नका.”

“बोल.”

“सरांच्या सासूबाई.”

मग सगळं बाहेर आलं. चकत्या ओतायला सपाट तळाचा साचा इथे पीण्यातच कुठल्याही वर्कशॉपमधून करून घ्यायचं ठरलं होतं. सर म्हणाले, साचा कशाला, माझ्या घरी तट्टे इडलीच्या ताटल्या आहेत. तट्टे इडली म्हणजे आपली नेहमीची फुगीर इडली नाही, तर ताटलीत केलेली चपटी, रुंद इडली. ताटल्या स्टीलच्या, सपाट, एका मापाच्या. सरांनी पूर्ण सेट पिशवीत घालून आणला आणि इम्रानला बजावलं, मॅडमना सांगू नकोस, त्या हसतील.

सरांना माझी पारख आहे, हे मान्य करायला हवं.

आता आपल्याकडे स्टीलचं भांडं नावाशिवाय घरात येतच नाही. दुकानदार त्याच्या छोट्या टरटर यंत्रानं तिथल्या तिथे नाव कोरून देतो. शेजारी कार्य असलं की ताटल्या उसन्या जातात, आणि नाव असलं तरच माहेरी परत येतात. सरोजम्मांच्या सेटमध्ये काही ताटल्यांना मधोमध पूर्ण नाव गावासकट, काहींना कडेला नुसतं पहिलं अक्षर, काही कोऱ्या. कोरताना स्टीलमध्ये खळगा पडतो. खळग्यात मेण शिरलं की चकतीला उंचवटा येतो. तो उंचवटा चकतीला कडीवरून उचलून धरतो. पहिली चकती अक्षरावर कलली होती. तिसरी अख्ख्या हासनवर उभी होती. दुसरी कोऱ्या ताटलीतली, म्हणून शुद्ध.

मी चकती आणि आरसा घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. अक्का मागोमाग, अनवाणी.

“सर, भेसळ सापडली.”

“म्हणालो नव्हतो? कसली?”

“तुमच्या सासूबाईंची.”

सरांनी आरशात बघितलं. चेहरा तट्टे इडलीसारखा झाला, पांढरा आणि पसरट.

“ताटल्यांना नावं ठेवू नका, मॅडम. माझ्या लग्नापासून त्यांत इडल्या होतायत. एकदाही तक्रार नाही.”

“इडली कुणी रेझोनेटरवर ठेवत नाही, सर. चटणीत बुडवली की हवा निघून जाते.”

“मग अक्षरं घासून टाकू.” एवढं बोलून सर स्वतःच दचकले. “नको. नको. घरी कळेल.”

“ताटल्या घरातून गेल्यात हे घरी माहीत नाही?”

सरांनी चकती फाइलखाली सरकवली. अक्का म्हणाल्या, “अय्यो पाप, बिचारे,” पण त्यात दया फारशी नव्हती.

साचा करून यायला वेळ लागणार होता आणि अक्का उठणार नव्हत्या. मी इम्रानला कोपऱ्यावरच्या फोटोफ्रेमवाल्याकडे पिटाळलं. त्यानं जाड काचेचा तुकडा आणला. काचेवर एक रिंग ठेवायची आणि रिंगमध्ये मेण ओतायचं. गार होताना मेण आकसतं, वरून खोलगट होतं, पण काचेकडची बाजू आरशासारखी सपाट निघते. तीच बाजू कडीवर ठेवायची, आणि वरून दर वेळी तेच एक वजन. अक्कांनी पुन्हा स्वतः ढेप फोडली. ढेपेच्या मधलं, कडेचं, तळचं, सगळीकडचं मेण दिलं. एव्हाना त्यांचा आमच्यावर इतका विश्वास बसला होता की वितळताना भांड्यावरून त्यांनी नजर हलवली नाही.

पहिली चकती ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी, चौथी. खड्डा दर वेळी त्याच जागी. शेजारचा बोअरवेलवाला अजून खणत होता, तरी त्याच जागी. मग मुद्दाम थोडं पॅराफिन मिसळून एक चकती केली. खड्डा लगेच हलला. म्हणजे भेसळ असती तर दिसली असती. ती नव्हती. मेण चोख होतं.

मला वाटलं अक्का आता डोळे पुसतील, निदान हसतील. त्या म्हणाल्या, “हे मी आल्या आल्या सांगितलं होतं,” आणि डबा उघडला.

सरांनी क्यू.सी. मॅनेजरला फोन लावला. स्पीकरवर. पलीकडून पहिला प्रश्न आला, “रूट कॉज काय?”

“मोल्ड सरफेस इरेग्युलॅरिटी,” सर एका दमात म्हणाले.

“काय म्हणाले?” अक्कांनी मला विचारलं. मी अर्थ सांगितला. त्यांनी चमचा खाली ठेवला.

“नाही चालणार. भेसळ हा शब्द कागदावर ठळक होता ना? मग चूकही तेवढ्याच ठळक लिहा. चूक कुणाची तेही लिहा. आणि एक कागद कन्नडमध्ये. मला गावात बायकांना वाचून दाखवायचाय. भेसळीची बातमी माझ्याआधी पोचलीय तिकडे. पोळी कुणी काढली, कुणी गाळलं, कुणी काय मिसळलं, यावरून भांडणं लागलीत. दोघी बोलत नाहीत एकमेकींशी.”

फोनवरून मॅनेजर म्हणाले, “पाठवा दोन्ही. संघाचं नाव राहतंय.”

इंग्रजी कागदावर मी सरांचे शब्द ठेवले. कन्नड कागदावर अक्कांचे ठेवले. मेण चोख आहे, चूक आमच्या लॅबची आहे, मेण इडलीच्या ताटलीत ओतल्यामुळे ती झाली. सरोजम्मांचं नाव तेवढं गाळलं. त्या माउलीनं आमचं काय केलं होतं? सरांनी दोन्हींवर सह्या केल्या. कन्नड कागदावर करताना डोळे मिटले होते, त्यामुळे सही जरा तिरकी आहे.

अक्का निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, “मॅडम, तुमचं मशीन चांगलं आहे. घर जरा बघा.”

पुढचा महिनाभर माझं डोकं फिरायचंच बाकी होतं. मध्ये हवा राहिली की शुद्ध मेण भेसळीचं दिसतं. भेसळीचं मेण शुद्ध कधीच दिसत नाही. म्हणजे ताटल्या आल्यापासून आम्ही पास केलेले सगळे खरेच पास होते, पण नापास केलेल्यांचा भरवसा नव्हता. त्या सगळ्यांना फोन करून मेण पुन्हा मागवलं. काही निर्दोष सुटले आणि त्यांनी आमचा उद्धार केला. काही खरोखर भेसळवाले निघाले. त्यांनी तर दुप्पट केला.

साचाही आला. पीण्यातच केलेला, तळ असा घोटलेला की त्यात बघून भांग पाडावा. मी स्वतः तपासून स्टोअर्समध्ये जमा केला. त्यानंतर संघाचा नवा माल आला. इम्राननं नव्या साच्यात चकती ओतली, मी कडीवर ठेवली. भेसळ.

या वेळी मी केबलला हात लावला नाही, बोअरवेलवाल्याकडे गेले नाही, अक्कांना फोनही केला नाही. साचा उलटा केला आणि आतून बोट फिरवलं. तळाच्या बरोबर मध्यावर, छिन्नीनं ठोकलेला, आमच्या कंपनीचा ॲसेट नंबर.

“हे कुणी केलं?” मी स्टोअर्सवाल्याला विचारलं.

“नियम आहे, मॅडम. नंबर नसला तर ऑडिटला साचा आपला कशावरून?”

“बाहेरून ठोकता आला नसता?”

“बाहेरून पुसला जातो.”

मी चकती पुन्हा काचेवर ओतून घेतली. मेण चोख. रिपोर्टवर त्याच दिवशी सही केली. तेव्हापासून कुणाचं सँपल नापास झालं की मी आधी साच्यात बोट फिरवते आणि मग रेघ बघते. एवढं शिकायला मला इंजिनियरिंगची डिग्री, परदेशी मशीन आणि हासनच्या एक बाई लागल्या.

आता आम्ही काचेवरच ओततो. मध्यंतरी स्टोअर्सवाला काचेवरही नंबर ठोकायला आला होता. मी अडवलं नाही. त्यानं ठोकला. मग आम्ही दुसरी काच आणली.